काच अडते, बॅटरी उतरते

अगं, नवीन बॅटरीचे पैसे अजून दिले नाहीस ना? मग दोन दिवस थांब. बॅटरी कुठे पळून जात नाही आणि दुकानही तिथेच राहणार आहे.

फोनवर तू घाईघाईत बोललीस, पण मी नीट ऐकलं. तुझ्या बाजूची काच कधी सरळ वर येते, कधी अर्ध्यावर थांबते. शुक्रवारी गाडी ठीक चालली, शनिवार-रविवार जागेवर उभी होती आणि सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. बॅटरीवाल्याने मीटर लावला, ११.९ व्होल्ट दिसले, आणि ‘मॅडम, बॅटरी गेली’ म्हणून तो मोकळा झाला. जाता जाता तू आणखी एक बोललीस, की स्पीडब्रेकरवर आतला दिवा मधूनच लुकलुकतो. ते तुला किरकोळ वाटलं, पण मी मात्र तिथेच थबकले.

आधी बॅटरीचं बोलू. ११.९ व्होल्ट म्हणजे बॅटरी रिकामी आहे. ती खराब आहे असा त्याचा अर्थ होत नाही. भरलेली बॅटरी काही तास शांत उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ ला साधारण अर्धी उरलेली असते आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ संपलेली. रिकाम्या बॅटरीला लोड टेस्ट लावली, म्हणजे मोठा भार देऊन तपासली, तर चांगली बॅटरीसुद्धा नापास होणार. म्हणून आधी तिला सावकाश चार्ज करून घे. तुझ्या गाडीला ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असेल, तर ३-४ अँपिअरवर दहा-बारा तास. तासाभरात भरून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नकोस, त्या घाईने प्लेटा तापतात. घरी चार्जर लावणार असशील तर गॅलरीत लाव. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे आसपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको.

चार्ज झाल्यावर चार-पाच तास तशीच ठेव आणि मग मोज. १२.६ टिकले, सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला नाही, तर बॅटरी अजून कामाची आहे. नाहीच टिकले तर घे नवी. आपल्याकडच्या उन्हात तीन ते पाच वर्षांत बॅटरी थकतेच, त्यात तुझा काही दोष नाही. पण वीज कुठून गळते ते शोधल्याशिवाय नवी बसवलीस, तर तीही अशीच पुन्हापुन्हा रिकामी होऊन वेळेआधी संपेल. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ते सहसा परत निघत नाही. मग वॉरंटीसाठी वाद घालत बसावं लागेल.

आणि हे फार महत्त्वाचं. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘बघा, गाडी बंद पडत नाही, म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे’ असं दाखवणारे मेकॅनिक अजून सापडतात. त्याला तिथल्या तिथे थांबव. बॅटरी निघाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि त्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट. अल्टरनेटर तपासायचा तर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरायचा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं की चार्जिंग होतंय.

मीटर मात्र स्वतःचा घे. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यावर १० अँपिअरचं वेगळं भोक आहे ना, एवढं बघून घे. घरच्या वायरमनकडे तो चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर असतो, तो मागून आणू नकोस. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि गाडीची वीज डीसी.

आता मोजायचं कसं ते सांगते. बॉनेट उघड. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याच्या कडेची कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद कर, म्हणजे गाडीला दार लावलंय असं वाटेल. दाराचा स्विच खांबावर असेल तर तोही दाबून ठेव. (नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ सोडवायला विसरू नकोस, नाहीतर दार आपटेल आणि कुलूप वाकेल.) किल्ली बाहेर काढून खिशात ठेव. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात, बटण डीसी अँपिअरवर. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरा निगेटिव्ह तारेच्या पट्टीला. दोन्ही पक्के बसले की मग दहाच्या पान्याने पट्टी सैल करून हळूच वर उचल. आता गाडीची सगळी वीज मीटरमधून जाते आहे. या अवस्थेत इग्निशन चालू करायचं नाही, सेल्फ तर अजिबात नाही. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल, नाहीतर मीटरच जळेल.

पहिला आकडा मोठा दिसेल, घाबरू नकोस. गाडीतली मॉड्यूलं, म्हणजे छोटी इलेक्ट्रॉनिक युनिटं, जागी असतात, त्यांना झोपायला वेळ लागतो. अर्धा तास तरी हात लावू नकोस. मग बघ. ०.०२ किंवा ०.०३ म्हणजे वीस-तीस मिलिअँपिअर, ते घड्याळ, सेंट्रल लॉक, रेडिओची मेमरी यांचं. ५० पर्यंत बहुतेक गाड्यांना चालतं. त्याच्या वर असेल तर कोणीतरी रात्रभर जागं आहे.

हिशेब करून दाखवते, कारण हा हिशेब गॅरेजमध्ये तुझ्या कामाला येईल. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ एएच जातात, म्हणजे ३५ एएचची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला महिना लागेल. ३०० मिलिअँपिअर असतील तर दिवसाला ७.२ एएच, अडीच दिवसांत अर्धी बॅटरी संपली. डिकीतला ५ वॉटचा एक दिवा सुरू राहिला तर दिवसाला १० एएच. तुझी गाडी शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत उभी होती. रोज चालवतेस तेव्हा हे लपून राहतं, उभी राहिली की उघडं पडतं.

गळती कोणत्या वाटेची ते फ्यूज सांगतात. तुझ्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली एक डबा आहे, दुसरा बॉनेटमध्ये. एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे बघायचं. आकडा झपकन खाली आला की ती वाट सापडली. याहूनही चांगली रीत आहे, ती जरा धीराने करावी लागते. त्यासाठी निगेटिव्ह पट्टी परत बसव, मीटरची लाल तार व्होल्टच्या भोकात घाल आणि गाडी पुन्हा झोपू दे. फ्यूज न काढता त्याच्या पाठीवर जे दोन उघडे धातूचे ठिपके असतात त्यांवर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून धरायचा. वीज वाहत असेल तर अगदी थोडे मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य. फ्यूज काढून परत बसवला की झोपलेलं मॉड्यूल दचकून जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास वाट बघावी लागते, ते या रीतीत टळतं.

फ्यूज काढलास तर त्याच आकड्याचा परत बसव. पिवळा २० चा, हिरवा ३० चा. ‘सारखा उडतो, मोठा टाका’ असं कोणी म्हणालं तर मुळीच ऐकू नकोस, आणि फ्यूजच्या जागी तार वळून बसवणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नकोस. फ्यूज उडतो तो वायर पेटू नये म्हणून.

पण हे सगळं करण्याआधी फुकटातली तपासणी कर. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून फोन डिकीत ठेव, डिकी बंद कर, मिनिटभराने काढून बघ, आत उजेड आहे का अंधार. तसंच ग्लव्ह बॉक्सचं. गाडी दोन-तीन तास बंद असताना फ्यूजच्या डब्यातल्या रिलेंवर एकेक बोट ठेव. बंद गाडीत एखादा रिले कोमट लागला तर तो चिकटलेला आहे, किंवा त्याला कोणीतरी चालू ठेवतंय. आणि कुठलाच फ्यूज काढून आकडा उतरत नसेल तर संशय अल्टरनेटरच्या डायोडवर. ते मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनला बघू दे.

आता तुझ्या गाडीचा इतिहास. तू तिसरी मालकीण आहेस. खालच्या मॉडेलची गाडी घ्यायची आणि पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टिम बाहेरून बसवून घ्यायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यात वाईट काही नाही, बसवणारा चांगला असेल तर. पण घाईत असेल तर तो विंडोची मुख्य वायर इग्निशनवरून न घेता थेट बॅटरीवरून घेतो. कंपनीच्या जोडणीत चावी काढली की बहुतेक गाड्यांत काचांची वीज तुटते. म्हणून चावी काढून दहा मिनिटांनी काचेचं बटण दाबून बघ. काच हलली तर समज, की कोणीतरी आपल्या मनाने वायर ओढलेली आहे. गाडी लॉक केली की काचा आपोआप वर नेणारं एक छोटं मॉड्यूलही लोक बसवतात. ते दमट झालं की झोपत नाही. म्युझिक सिस्टिमच्या मागे पिवळी वायर कायमची आणि लाल वायर चावीची असते. दोन्ही एकत्र पिळून टेप मारलेली असेल तर सिस्टिम रात्रभर जागी राहते. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, सगळं एकदा बघ. आधीच्या मालकाने ट्रॅकर लावला असेल तर तुझ्या सुरक्षिततेसाठीसुद्धा तो निघायला हवा, बॅटरीचं नंतर.

काचेकडे वळू. तू म्हणतेस, मोटर गेली असं गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं. मोटर महाग असते, म्हणून आधी आतल्या दिव्याला विचार. रात्री गाडीतला दिवा लावून काचेचं बटण दाब. दिवा मंद झाला आणि काच हलली नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचतेय, पण मोटर किंवा काच अडकलीय. दिवा ढिम्म तसाच राहिला तर वीज पोचतच नाही आणि चूक बटणात, वायरीत नाहीतर फ्यूजमध्ये आहे. दारात घरघर ऐकू येते पण काच जागची हलत नाही, तर विंडो मशीनची केबल किंवा प्लास्टिकचा घोडा तुटलाय, मोटर ठणठणीत आहे.

काच खाली जाते पण वर येत नाही, असंही होतं. साध्या मोटरला दोनच वायरी असतात, त्यांची उलटापालट केली की दिशा बदलते. म्हणून एका दिशेने जोरात चालते आणि दुसऱ्या दिशेला अजिबात दाद देत नाही, तर दोष बहुधा बटणाच्या आतल्या काळ्या पडलेल्या पॉइंटचा. पण वर जाताना नुसती हळू होत असेल तर बटणाला दोष देऊ नकोस, वर जाताना काचेचं वजनही ओढायचं असतं. काचेच्या बाजूच्या रबरी खाचेत वर्षानुवर्षांची धूळ साचून घट्ट होते. ओल्या फडक्याने ती खाच पूस, वाळू दे, सिलिकॉन स्प्रे मार. ग्रीस नको, ऑइल नको, रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. निम्म्या ‘गेलेल्या’ मोटरी एवढ्यावर सुधारतात असं मला मनापासून वाटतं. सारखं बटण दाबत बसलीस तर मोटर तापते आणि आतलं संरक्षण तिला बंद करतं. पंधरा मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर घोटाळा तिथे.

बाजूच्या सीटची काच चालेनाशी झाली तर आधी तुझ्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघ. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या काचेची वीज तुझ्या दारातल्या मुख्य बटणाच्या पॅनेलमधून फिरून जाते, त्यामुळे तिकडची काच बंद आणि दोष इकडे, असं होऊ शकतं. आणि ते लॉक, तुझं पिल्लू मागे बसलेलं असताना दाबलेलंच असू दे. जुन्या गाड्यांच्या काचा हात मध्ये आला तरी थांबत नाहीत.

आता ज्यासाठी मी एवढं बोलतेय ते. तुझं दार उघडलंस की दार आणि खांब यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, एक काळी सुरकुतलेली रबरी नळी दिसते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. काचेच्या, लॉकच्या, स्पीकरच्या, आरशाच्या. दिवसातून कितीदा दार उघडतं, बंद होतं, तितक्यांदा त्या वायरी वाकतात. मोबाइलच्या चार्जरची वायर मानेपाशी तुटते, तसंच इथे होतं. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून तिथे सगळ्यात आधी.

काही गाड्यांत दार उघडं की बंद हे सांगणारा स्विच खांबावर नसून दाराच्या कुलपातच असतो आणि त्याची वायरही याच नळीतून येते. ती वायर आतून अर्धवट तुटली किंवा सोलली गेली, की गाडीला कधी वाटतं दार बंद आहे, कधी वाटतं उघडं आहे. मग आतला दिवा स्पीडब्रेकरवर लुकलुकतो. रात्री मॉड्यूल झोपत नाही. आणि शेजारची काचेची वायर अर्धी तुटलेली असेल तर काच मनात येईल तेव्हा चालते. एकाच नळीत तुझी दोन्ही दुखणी असू शकतात. नक्की तिथेच आहे असं मी म्हणत नाही, पण सुरुवात तिथून कर.

बघायचं असं. इग्निशन चालू ठेव, काचेचं बटण दाबून धर आणि दुसऱ्या हाताने दार सावकाश उघड-बंद कर. मध्येच काच दचकून हलली तर सापडलं. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. (काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.) ती रबरी नळी खांबाकडून बोटांनी ओढून सोडव आणि मागे सरकव. आत वायरींचा जुडगा असेल. एकेक वायर चिमटीत धरून अलगद ओढ. धड वायर ताठ लागते, हलत नाही. आतलं तांबं तुटलेलं असेल तर वरचं प्लास्टिक तुझ्या बोटांत लांबतं, मऊ पडतं. कधी प्लास्टिक अख्खं दिसतं आणि तुटलेलं फक्त तांबं असतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नकोस. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या गाडीत तुटलेल्या टोकावर हिरवट भुकटीही दिसते.

इथे मीटर फसवू शकतो. वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. मोटरला चार-पाच अँपिअर लागतात, ते त्या एका तंतूतून जात नाहीत. म्हणून इलेक्ट्रिशियनला म्हण, टेस्ट लॅम्प लावा, इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. बल्ब लख्ख पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर तुटलेली.

दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घे, पण समोर उभी राहा. तुटलेली दोन टोकं ओढून पिळून काळी टेप, एवढ्यावर सोडू नकोस. पावसाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि दुसऱ्या महिन्यात तेच. तेवढ्याच जाडीची, बारीक तंतूंची मऊ वायर थोडी लांब जोडायची, आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर, एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक. एक वायर तुटली असेल तर शेजारच्याही थकलेल्या असतात, त्याही त्याच वेळी बघून घ्यायला सांग. दाराचं पॅड उघडलंच असेल तर आतला प्लास्टिकचा पडदा फाटलाय का, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजलीत का, तेही बघा म्हण. पाणी साचलं की मोटर आणि स्पीकर दोन्ही जातात.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘बॅटरी खराब आहे’ किंवा ‘मोटर गेलीय’ असं स्वतःहून म्हणू नकोस, त्याने तेवढंच बदललं जातं. काय होतं ते सांग आणि आकडे सांग. बाईमाणूस गाडीचं बोलायला लागलं की काहीजण नवऱ्याला फोन लावा म्हणतात. तू शांतपणे म्हण, बंद गाडीत इतके मिलिअँपिअर जातात, हा फ्यूज काढल्यावर थांबतात, इथे बघा. बोलण्याचा सूर तिथेच बदलतो. बदललेला प्रत्येक भाग जुना परत माग, बिलात भागाचं नाव लिहून घे. मोटर किंवा मशीन खरंच लागली तर पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत विचारल्याशिवाय किंमत मान्य करू नकोस.

तोवर पावसात काच उघडी अडकलीच, तर एकीने बटण दाबायचं आणि दुसरीने दोन्ही तळवे काचेच्या आतून-बाहेरून धरून वर ओढायचं, बहुतेक वेळा येते. वर आली की चिकटपट्टीने बांधून ठेव आणि त्या बटणाला हात लावू नकोस. बॅटरी पुन्हा जोडल्यावर एका झटक्यात वर जाणारी काच तसं करेनाशी झाली तर घाबरू नकोस, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेव. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने ती परत शिकते.

शनिवारी चार्ज कर, रविवारी सकाळी मोज. अर्ध्या तासानंतरचा आकडा मला पाठव, मीटरचा फोटोच पाठव म्हणजे दशांश चुकणार नाही. ५० च्या आत आला तर आपण बॅटरीचं बोलू, वर आला तर मी फोनवर थांबते आणि तू फ्यूज एकेक करून बघ.